क्रिस्टाडोरोच्या कलपाच्या दोन बाटल्या: नं. १ आणि नं. २ ची जोडी फोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की न्यू जर्सीत एका इस्टेट सेलला (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) जुन्या बाटल्यांचं खोकं घेतलं, त्यात दोन छोट्या चौकोनी बाटल्या निघाल्या, दोन्हींवर काचेतच उठावात 'क्रिस्टाडोरो, लिक्विड हेअर डाय' असं आहे, एकीवर नं. १ आणि दुसरीवर नं. २. हा क्रिस्टाडोरो कोण, बाटल्या किती जुन्या, नं. २ च्या आतला काळपट थर घासून काढू का, आणि एक जण फक्त स्वच्छ दिसणारी नं. १ मागतोय तर देऊन टाकू का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. देऊ नका. या दोन बाटल्या म्हणजे एकच वस्तू आहे, एका बाटलीने केस काळे होतच नव्हते. आणि दोन्ही एकत्र टिकल्यात हे खरंच नशीब आहे, कारण वापरताना एक आधी संपायची, एक फुटायची, एक दुसऱ्याच कामाला लागायची. बहुतेकांच्या कपाटात एकटी नं. १ किंवा एकटी नं. २ असते आणि ते वर्षानुवर्षं दुसरीच्या शोधात असतात. तो गृहस्थ नं. १ का मागतोय ते यावरून लक्षात यावं.

आता माणूस. जोसेफ क्रिस्टाडोरो हा इटलीतून आलेला, न्यूयॉर्कमधे केसांचे टोप बनवणारा कारागीर. दुकानाचा पत्ता नं. ६, अ‍ॅस्टर हाउस, ब्रॉडवे. हा पत्ता हलका समजू नका. अ‍ॅस्टर हाउस १८३६ मधे सुरू झालेलं, त्या काळचं देशातलं सगळ्यात नावाजलेलं हॉटेल, खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूने दुकानांची रांग. अब्राहम लिंकन फेब्रुवारी १८६१ मधे शपथविधीला जाताना इथेच उतरला होता, नुकतीच दाढी वाढवायला लागला होता तेव्हा. समोर ब्रॉडवेच्या पलीकडे तमाशेबाज पी. टी. बार्नमचं गर्दी खेचणारं म्युझियम. म्हणजे गावोगावचे व्यापारी, आमदार, नट, सगळे जिथे येऊन उतरायचे तिथे याचं टोपाचं आणि कलपाचं दुकान. पुढच्या जाहिरातींमधे कारखाना ६८ मेडन लेन आणि मुख्य डेपो ६ अ‍ॅस्टर हाउस असे दोन पत्ते दिसतात, यावरून धंदा दुकानाच्या मागच्या खोलीतून बाहेर पडला होता हे कळतं.

टोपवाल्यानेच कलप का विकावा असं वाटेल, पण तेव्हा तेच साहजिक होतं. टोप करायचा म्हणजे जाळीवर बारीक आकड्याने एकेक दोन दोन केस गाठ मारून बसवायचे, आणि हे केस गिऱ्हाइकाच्या कानाजवळ उरलेल्या खऱ्या केसांशी रंगाने जुळलेच पाहिजेत, नाहीतर चार हातांवरून कळतं की टोप आहे. म्हणजे रंग जुळवणं हे त्याचं रोजचं काम, केस रंग कसा धरतो ते त्याला कुठल्याही केमिस्टपेक्षा जास्त ठाऊक. शिवाय त्याच्याकडे येणारा माणूस आधीच आपलं वय लपवायला आलेला असतो, त्याला पडद्याआडची खोली हवी असते आणि तोंड बंद ठेवणारा कारागीर हवा असतो. न्यूयॉर्कमधे क्रिस्टाडोरोचा मोठा प्रतिस्पर्धी विल्यम बॅचलर, २३३ ब्रॉडवेवाला, तोही टोपवालाच. बॉस्टनमधला बोगल टोपवाला. बॅरीज ट्रायकोफेरस नावाच्या केसांच्या औषधावर ज्याचं नाव आहे तो अलेक्झांडर बॅरी पण टोपवाला. सगळे एकाच वाटेने आले, आधी खुर्चीत बसवून केस रंगवायचे, मग तोच रंग बाटलीत भरून टपालाने आणि औषधवाल्यांमार्फत देशभर. टोप एका वेळी एकाच डोक्याचा होतो आणि करायला दिवस लागतात, बाटली हजारो भरता येतात. यात शहाणपण सगळ्यांनीच दाखवलं.

आणि काळही जुळून आला. १८५०-६० च्या दशकांत अमेरिकेत दाढी-कल्ल्यांची प्रचंड फॅशन आली, आणि दाढी डोक्याच्या केसांच्या आधी पांढरी होते हे चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही सांगायला नको. कलप म्हणजे बायकांची वस्तू असं आज वाटतं, तेव्हा पुरुषांच्या मिशा-दाढीचाही मोठा बाजार होता. न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआच्या हॉल कंपनीची 'बकिंगहॅम' नावाची वेगळी दाढीची डाय होती, तिच्याही बाटल्या आजही मिळतात.

आता दोन बाटल्या का, तो माझा आवडता भाग.

या जातीच्या दोन बाटल्यांच्या कलपात साधारण नं. १ मधे पायरोगॅलिक अ‍ॅसिडचं पाणी असायचं, थोडं स्पिरिट घालून. नं. २ मधे सिल्व्हर नायट्रेट, अमोनियात विरघळवलेलं. आधी केस सोड्याच्या पाण्याने किंवा साबणाने धुवून तेलकटपणा पूर्ण काढायचा, नाहीतर रंग धरतच नाही. केस कोरडे केले की ब्रशने नं. १ लावायची, केसाच्या मुळापर्यंत. ती अर्धवट सुकली की दुसऱ्या ब्रशने नं. २, आणि इथे हात स्थिर हवा, कारण नं. २ कातडीला लागली की तिथे काळा डाग आणि तो दिवसेंदिवस जात नाही. दोन्ही द्रव केसावर भेटले की पायरोगॅलिक अ‍ॅसिड चांदीच्या क्षारातून धातूची चांदी मोकळी करतं, अगदी बारीक कणांत, आणि इतकी बारीक चांदी चकाकत नाही, काळी दिसते. चांदीचं पाणी पातळ असेल तर तपकिरी, दाट असेल तर काळं. जाहिरातीत 'तत्काळ' म्हणायचे ते खोटं नव्हतं, डोळ्यांदेखत काळं व्हायचं.

ब्रश दोन का, तर एकच वापरला तर रिअ‍ॅक्शन ब्रशमधेच होते आणि ब्रश बुडवाल ती बाटली नासते. बाटल्यांवर नंबर इतके ठसठशीत काचेतच ओतून काढायचं कारण हेच आहे. कागदी लेबल ओल्या हाताने निघून जातं, मग मेणबत्तीच्या उजेडात आरशासमोर बसलेल्या माणसाला कुठली आधी ते कळणार कसं. नंबर काचेत असला की बोटाने चाचपूनही कळतो.

फोटोग्राफीचा इतिहास वाचलेल्यांना ही दोन नावं एकत्र ऐकून काहीतरी आठवलं असेल. १८५१ नंतर जी ओल्या काचेची फोटोग्राफी आली तिच्यात काच सिल्व्हर नायट्रेटमधे बुडवायची आणि फोटो पायरोगॅलिक अ‍ॅसिडने डेव्हलप करायची पद्धत होती. तीच दोन रसायनं. म्हणजे त्या काळचा फोटो आणि त्या फोटोतल्या साहेबाची काळी कुळकुळीत दाढी, दोन्हींतला काळा रंग एकाच क्रियेतून आलेला असू शकतो. फोटोग्राफरांची बोटं काळी असायची तीही याच चांदीने. आणि पायरोगॅलिक अ‍ॅसिड काढायचे गॅलिक अ‍ॅसिड तापवून, गॅलिक अ‍ॅसिड यायचं ओकच्या झाडावरच्या गाठींतून, म्हणजे आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. इतक्या लांबची वस्तू घरच्या सहाणेपर्यंत येऊन पोचते.

दोष होतेच. चांदीचा कलप केसाच्या वर बसतो, आत मुरत नाही, त्यामुळे केस राठ होतात आणि थोडी धातूसारखी झाक येते. उन्हात आणि वेळेनुसार काळ्याचा जांभळट होतो. बॅचलरच्या जाहिरातीत तर साफ लिहिलेलं असायचं की आमच्या डायने हास्यास्पद छटा येत नाहीत, म्हणजे बाकीच्यांच्या येत होत्या हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. क्रिस्टाडोरोचा दावा याच्याही पुढचा, की आमची डाय दुसऱ्यांच्या डायने झालेले वाईट परिणाम दुरुस्त करते. शिवाय न्यूयॉर्कचे केमिस्ट डॉ. चिल्टन यांनी तपासून निर्धोक ठरवली असं तो छापायचा. माझ्या मते हा निर्धोकपणा जरा ताणलेला होता. सिल्व्हर नायट्रेटने तेव्हाचे डॉक्टर चामखीळ जाळायचे, आणि पायरोगॅलॉलला (पायरोगॅलिक अ‍ॅसिडचंच दुसरं नाव) आज युरोपात कॉस्मेटिकमधे बंदी आहे. पण तेव्हाच्या बाजारात बाकी काय विकलं जात होतं ते पाहिलं की क्रिस्टाडोरोबद्दल मला आदरच वाटतो.

बाकी म्हणजे 'रिस्टोरर' आणि 'रिन्यूअर'. एकच बाटली, रोज लावायची, हळूहळू दोन-तीन आठवड्यांत केस काळे, आणि जाहिरात अशी की ही डाय नाहीच, ही केसांचा मूळ रंग परत आणते, वनस्पतीजन्य आहे वगैरे. आत काय, तर शिशाचा क्षार, लेड अ‍ॅसिटेट, आणि तळाशी बसलेलं गंधक. केसावर शिशाचं काळं सल्फाइड साचत जातं, बस. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजचे प्रोफेसर चार्ल्स चँडलर यांनी न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळासाठी १८६९-७० च्या सुमारास हे सगळं बाजारातून आणून तपासलं आणि नावानिशी छापलं. एका फ्लुइड औंसात (साधारण तीस मिली) शिसं किती ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलीग्रॅम): एअर्स हेअर व्हिगरमधे २.८९, मिसेस अ‍ॅलनच्या वर्ल्ड्स हेअर रिस्टोररमधे ५.५७, हॉलच्या 'व्हेजिटेबल' सिसिलियन हेअर रिन्यूअरमधे ७.१३, आणि सिंगर्स रिस्टोरेटिव्हमधे १६.३९. हे रोज टाळूला चोळायचं, त्याच हाताने जेवायचं. टोपवाल्याची दोन बाटल्यांची डाय कटकटीची होती, डाग पाडणारी होती, पण ती स्वतःला डाय म्हणायची आणि त्यात शिसं लागत नव्हतं. शिशाचा हा कलप मात्र किती चिवट बघा, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, लेड अ‍ॅसिटेटची केसांच्या रंगातली परवानगी काढून घ्यायचा निर्णय घेतला तो २०१८ मधे.

बाटल्यांच्या वयाकडे येतो. फोटोवरून सांगता येत नाही, कारण तुम्ही समोरचाच फोटो दिलाय, म्हणून काय बघायचं ते सांगतो, घरी बसून होईल. नं. २ मधे द्रव किंवा गाळ नाही याची आधी खात्री करा (का ते शेवटी सांगतो), मग बाटली उलटी करा आणि बुडाच्या मधोमध बोट फिरवा. खरखरीत, तुटलेल्या काचेची गोल कडा लागली तर ती पाँटिलची खूण, म्हणजे काच फुंकल्यावर तोंड करण्यासाठी बाटली बुडाकडून सळईला चिकटवून धरली होती. अशी असेल तर ढोबळमानाने १८६० च्या दशकाच्या मधल्या काळाच्या आधीची. बूड गुळगुळीत असेल तर त्यानंतरची शक्यता जास्त, तेव्हा बाटली चिमट्यात धरायला लागले होते. मग साच्याची उभी शिवण बघा, ती बाजूने वर चढते आणि तोंडाच्या खाली कुठेतरी गायब होते का. होत असेल तर तोंड हाताने केलंय. तोंडाची काच वेगळी चढवल्यासारखी, खाली थोडी ओघळलेली असेल तर जुनी पद्धत, आणि तोंडाजवळ गोल गोल फिरवल्याच्या बारीक रेघा असतील तर साधारण १८८० आणि पुढे. शिवण थेट तोंडावरून जात असेल तर यंत्राची बाटली, ते यंत्र मायकल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास आणलं, आणि तशी निघाली तर मला आश्चर्य वाटेल. काचेचा फिका निळसर-हिरवा रंग वाळूतल्या लोखंडामुळे येतो, तो त्या काळात सर्रास, त्यावरून वय ठरवू नका.

खोक्यात कागद, पुठ्ठ्याचा डबा, काहीही चिटोरं असेल तर फेकू नका, आधी नीट बघा. १८६२ ते १८८३ पर्यंत अमेरिकेत पेटंट औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांवर सरकारी महसुली तिकीट चिकटवावं लागायचं, यादवी युद्धाच्या खर्चासाठी आलेला कर, पंचवीस सेंटपर्यंतच्या मालाला एक सेंट आणि तसंच चढत एक डॉलरला चार सेंट. कॉर्कवरून किंवा डब्यावरून फाटलेला तिकिटाचा तुकडा जरी निघाला तरी काळ पक्का होतो. डबे तर बाटल्यांहून कितीतरी दुर्मिळ. बॅचलर आपल्या डब्याच्या चारही बाजूंना स्टीलप्लेटवर कोरलेलं नाव-पत्ता छापायचा आणि जाहिरातीत सांगायचा की हे नसेल तर माल नकली, इतक्या नकला होत्या. भरलेल्या डब्यासकट जोडी मिळाली तर तिची गोष्टच वेगळी.

किंमत विचारली नाहीत पण मनात असेलच. साध्या फिक्या निळसर, गुळगुळीत बुडाच्या एकट्या बाटलीला फार पैसे नाहीत, वीस-तीस डॉलरच्या आसपास फिरते. पाँटिल असेल, रंग वेगळा असेल, जोडी एकाच साच्याच्या मेळातली असेल तर भाव चढतो. जोडी मेळातली आहे का ते अक्षरांवरून बघा, दोन्हींवरच्या 'आर' ची शेपटी आणि अक्षरांची उंची सारखी असली पाहिजे. पैशासाठी केसांच्या बाटल्या जमवायच्या असतील तर लोक मिसेस अ‍ॅलनच्या जांभळ्या बाटल्यांमागे आणि एअर्सच्या मोरपंखी निळ्या बाटल्यांमागे असतात, त्या खिडकीत ठेवल्या की खोली उजळते. बॅरीज ट्रायकोफेरस भरपूर सापडते, नवीन माणसाने तिच्यापासून सुरुवात करावी, पाँटिलवाली ते यंत्रावरची असा अख्खा काळ एकाच ब्रँडमधे हातात येतो, आणि तो ब्रँड लॅटिन अमेरिकेत आजही विकला जातो. या बाटल्या येतात कुठून, तर जास्त करून न्यूयॉर्क-ब्रुकलिन-नेवार्कच्या जुन्या घरांमागच्या संडासाच्या खड्ड्यांतून. नळाचं पाणी आणि गटारं आली तसे ते खड्डे घरातल्या कचऱ्याने बुजवले गेले, आणि चोरून केस काळे करणाऱ्याला रिकामी बाटली टाकायला याहून गुप्त जागा नव्हती. समुद्रातूनही येतात, १८६५ च्या ऑक्टोबरमधे न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लीन्सला जाताना बुडालेल्या रिपब्लिक जहाजातून आठ हजारांवर बाटल्या वर काढल्या, त्यात केसांच्या औषधांच्याही होत्या.

आता तो काळपट थर. घासू नका, अ‍ॅसिड घालू नका, बाटली पॉलिश करणाऱ्याकडे तर मुळीच देऊ नका. दोन शक्यता आहेत. जमिनीत पुरलेल्या बाटलीवर मातीतल्या मँगनीजचे काळे ठिपके येतात, ते आतबाहेर दोन्हीकडे, विस्कळीत असतात. पण थर फक्त आत असेल, खांद्यापासून खाली सलग असेल, कडेला तपकिरी-पिवळट होत जात असेल आणि तिरप्या उजेडात कुठेतरी आरशासारखा चमकत असेल, तर ती बहुधा मूळ मालातली चांदी आहे. तुम्ही लिहिलंय की नं. १ स्वच्छ आहे आणि नं. २ च फक्त काळी आहे, दोन्ही एकाच खोक्यात असून, त्यामुळे माझा कल चांदीकडेच आहे. मग तो थर म्हणजे या जोडीतला सगळ्यात मोलाचा भाग, कारण लेबल नसतानाही आत काय होतं त्याचा तो पुरावा आहे.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. नं. २ मधे थोडासुद्धा द्रव शिल्लक असेल, किंवा तळाशी काळा खडबडीत गाळ सुकलेला असेल, तर कॉर्क ओढू नका आणि तारेने खरवडू नका. अमोनियातलं सिल्व्हर नायट्रेट बराच काळ तसंच राहिलं किंवा सुकलं तर त्यातून चांदीचं एक संयुग तयार होऊ शकतं जे नुसत्या खरवडण्याने किंवा धक्क्याने फुटतं. प्रयोगशाळेतही हे द्रावण साठवून ठेवत नाहीत, लागेल तेव्हाच करतात. थर पातळ, काचेला चिकटलेला आणि कोरडा असेल तर काळजीचं कारण नाही, बाहेरून कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस, आत काही नाही. पण द्रव किंवा गाळ असेल तर बाटली उभी, मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवा, हलवू नका, आणि काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) घातक कचरा विभागाला फोन करून 'जुनी सिल्व्हर नायट्रेट-अमोनियाची बाटली' असं स्पष्ट सांगा.

बाकी फोटो टाका, नं. २ चे मात्र आत द्रव किंवा गाळ नसेल तरच: दोन्हींची बुडं सरळ वरून, तोंड आणि मान बाजूने, आणि नं. २ खिडकीच्या उजेडासमोर धरून एक. पाँटिल आहे की नाही ते बुडाच्या फोटोवरून लगेच सांगतो. त्या गृहस्थाला तोपर्यंत थांबायला सांगा, आणि उलट विचारा की त्याच्याकडे जी एकटी नं. २ आहे ती तो किती रुपयांना, म्हणजे डॉलरला, देतोय.